ग्रांद दाम

ग्रांद दाम : वय, अधिकार आणि रुबाब यांमुळे मान मिळवलेल्या स्त्रीला दिले जाणारे फ्रेंच बिरुद, अर्थ ‘थोर बाई’. मुळात उमराव घराण्यांतील स्त्रियांना लावला जाणारा हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि पुढे रंगभूमी, राजकारण, पत्रकारिता अशा कोणत्याही क्षेत्रातील ज्येष्ठ स्त्रीला लागू झाला. नुसते वय पुरत नाही. जिच्या शब्दाला वजन आहे आणि जी तो भीड न बाळगता बोलते, तिलाच हे बिरुद शोभते.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताची ग्रांद दाम म्हणून बार्ब-निकोल क्लिको (१७७७–१८६६) ओळखल्या जातात. १८०५ मध्ये नवरा वारला तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसे. विधवेला ती मुभा होती. सासऱ्यांकडून भांडवल मिळवून त्यांनी मद्याचा धंदा हाती घेतला. त्या काळी शॅम्पेनमध्ये गाळ राहून ती गढूळ दिसे. क्लिकोबाईंच्या तळघरात १८१६ च्या सुमारास लाकडी टेबलाला तिरपी भोके पाडून बाटल्या उलट्या खोचल्या जाऊ लागल्या. रोज थोड्या फिरवल्या की गाळ हळूहळू बुचापाशी जमे आणि बूच काढताच तेवढाच बाहेर पडे. ही रीत पुढे सगळ्या प्रांताने उचलली. त्यांच्या ‘व्हव क्लिको’ या पेढीच्या नावातला ‘व्हव’ म्हणजे विधवा. जो शब्द आपल्याकडे चारचौघांत टाळला जातो, तोच तिथे बाटलीवर मानाने छापलेला असतो. या पेढीच्या सर्वांत उंची मद्याचे नाव ‘ला ग्रांद दाम’ आहे.

जर्मन भाषेतही हे बिरुद रुळले आहे. पत्रकार मारिऑन ड्योनहोफ (१९०९–२००२) यांच्यात त्याचे जुने आणि नवे असे दोन्ही अर्थ एकत्र आले. त्या पूर्व प्रशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतातील सरदारकन्या. १९४५ च्या कडाक्याच्या थंडीत, रशियन फौजा जवळ येत असताना, त्या घोड्यावरून पश्चिमेकडे निघाल्या आणि जहागीर कायमची मागे राहिली. १९४६ मध्ये त्या ‘डी त्साइट’ या साप्ताहिकात आल्या, १९६८ मध्ये मुख्य संपादक झाल्या. त्यांना हा मान मिळाला तो लेखणीमुळे.

थट्टेच्या सुरात हाच शब्द ताठा मिरवणाऱ्या बाईलाही लावतात. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांनी अभिनेत्री जोहरा सेहगल (१९१२–२०१४) यांच्यासाठी तो आदराने वापरला. जुन्या आलिशान हॉटेलांनाही तो लावला जातो. मुंबईचे १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल त्यांपैकी एक.