संहितेवर सही कुणाची? नाशिकच्या पथनाट्याची पार्श्वभूमी

पथनाट्यावरचा वाद नाशिकमध्ये बहुतेक वेळा परवानगीपाशी सुरू होतो आणि तिथेच अडकतो. प्रयोगात काय मांडलं, यावर बोलायला कुणी उरत नाही.

जुना काळ थोडक्यात. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी, म्हणजे गाणी-संवादांतून प्रबोधन करणाऱ्या खेळांनी, तमाशाचा साचा घेतला आणि गण-गवळणीतला आशय पालटला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात या जिल्ह्यातून आंबेडकरी जलसे निघाले आणि १९३५ च्या येवल्यातल्या धर्मांतर-घोषणेनंतर त्यांच्या गाण्यांना नवा विषय मिळाला. वाद्यं ढोलकी-तुणतुण्याचीच होती. आधार वस्तीचा होता, त्यामुळे काय म्हणायचं हे वस्तीच ठरवायची. पुढे राष्ट्र सेवा दलाची आणि डाव्यांची कलापथकं, नंतर स्त्री-चळवळीची नाटकं आली.

वळण आलं ते १९९० नंतर. साक्षरता मोहिमेच्या कलाजथ्यांनी (फिरत्या कलापथकांनी) पथनाट्य गावोगावी नेलं, ही मोठीच कमाई. पण त्याबरोबर सरकारी पैसा आला आणि पाठोपाठ स्वच्छता, एड्स, मतदान, पाणी अशा योजनांची कामं आली. आता संहिता आधी खात्याकडून मंजूर करून घ्यायची, सहा-आठ कलाकार, वीस मिनिटांचा प्रयोग, ग्रामपंचायतीचा सही-शिक्क्याचा दाखला, जीओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि मग बिल. मोबदला प्रयोगागणिक मिळतो, म्हणून दिवसाला तीन-चार प्रयोग लावले जातात. नाशिकहून सुरगाण्याला पोचायलाच दोन-अडीच तास लागतात. मग कात्री कशाला लागते? प्रयोगानंतरच्या चर्चेला. ती बिलात कुठेच धरलेली नसते.

कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा ब्रिटिश कायदा केंद्राने २०१८ मध्ये रद्द केला, पण राज्यात १९५१ च्या पोलीस कायद्याखालचे नियम आहेत आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत त्यांतूनच आली. तिकीट लावून नाट्यगृहात होणाऱ्या प्रयोगासाठी हे समजू शकतं. चौकात, फुकट, अर्ध्या तासात उरकणाऱ्या खेळालाही तीच चाळणी लावायची का, यावर एकमत नाही. त्यात परवानगी शहरात पोलीस आयुक्तालयाची, ग्रामीण भागात अधीक्षकांची. त्याच पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघत राहतात. पाच माणसांची मर्यादा असली की सहा जणांचा संच प्रेक्षक येण्याआधीच आदेशात अडकतो. म्हणून अर्जात ठिकाण, वेळ, कलाकारांची संख्या आणि ध्वनिक्षेपक वापरणार की नाही हे स्पष्ट लिहावं लागतं आणि पोच घेतलेली प्रत सोबत ठेवावी लागते.

मंजूर संहितेची सगळ्यात मोठी अडचण जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर कळते. कागदावर प्रमाण मराठी, रिंगणात कोकणा बोली. संवाद बोलीत गेला की विनोद बदलतो, शिवी बदलते, कधी अर्थही. हा संहितेतला बदल मानायचा का? आमच्या मते नाही. पाड्यावर प्रमाण मराठीत खेळ करणं म्हणजे फोटोसाठी खेळ करणं.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात पेरूमध्ये घडवलेल्या फोरम पद्धतीने तर पूर्वमंजुरीचा पायाच काढून घेतला. बारा-पंधरा मिनिटांचा प्रसंग हरण्यावर संपवायचा. मग तोच पुन्हा, जरा वेगात. प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणायचं, आत यायचं आणि पीडित पात्राची जागा घ्यायची. फसतं ते दोन ठिकाणी. एक, कुणीतरी पीडिताऐवजी छळणाऱ्याची, समजा सावकाराची, जागा घेऊन त्याला एकदम सज्जन करतो. टाळ्या पडतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो. सूत्रधाराने ही अदलाबदल नाकारायची असते. दुसरं, सरपंच आणि ग्रामसेवक पुढच्या ओळीत खुर्च्या टाकून बसतात आणि बायका उठतच नाहीत. रिंगण पूर्ण गोल ठेवावं, खुर्च्या ठेवूच नयेत, आणि पहिली फेरी बायकांच्याच बाजूकडून मागावी.

फोरमचा दुसरा अर्धा भाग लिहिताच येत नाही, कारण तो गावाचा असतो. योजनेच्या अर्जात मात्र ‘शेवट व संदेश’ भरून द्यावा लागतो. नाशिकच्या संचांमध्ये फूट पडते ती याच रकान्यावर. काही जण ठरीव संदेश लिहून देतात आणि रिंगणात शेवट मोकळा सोडतात. बाकीचे योजनेचं काम घेतच नाहीत आणि वर्षाकाठी मोजकेच प्रयोग करतात.