मेल रिले (विश्वासातील यंत्रांसाठी)

एखाद्या यंत्राकडून आलेली ईमेल ताब्यात घेऊन ती तिसऱ्याच सर्व्हरकडे पोहोचती करणे म्हणजे रिले. ऑफिसातला स्कॅनर किंवा रात्री बॅकअप घेणारी मशीन सहसा स्वतः बाहेर मेल पाठवत नाही. ती जवळच्या मेल सर्व्हरच्या हाती टपाल देते आणि पुढचे तो बघतो. स्वतःच्या डोमेनसाठी आलेली मेल कोणाकडूनही घेणे हा मात्र रिले नव्हे.

मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे, म्हणजे एसएमटीपीचे नियम सांगणारा आरएफसी ८२१ हा दस्तऐवज १९८२ साली आला. त्या काळात अनोळखी माणसाची मेल पुढे धाडणे हा शेजारधर्म समजला जाई. पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचा पुरता गैरफायदा घेतला. १९९८ मध्ये आलेल्या सेंडमेल ८.९ या मेल सर्व्हर प्रोग्रॅमपासून रिले मुळातच बंद असतो. कोणासाठी उघडायचा ते सांगावे लागते.

वित्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये रिलेची परवानगी असलेल्या यंत्रांची यादी मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलीत 'मायनेटवर्क्स' या ओळीत असते:

मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८, १९२.१६८.१.२५/३२

पहिला भाग सर्व्हर स्वतः, दुसरा म्हणजे तो स्कॅनर. इथे /३२ फार मोलाचे आहे, कारण त्याने एकच पत्ता बसतो. सवयीने /२४ लिहिले की २५६ पत्ते आत येतात आणि त्याच वायफायवर आलेल्या पाहुण्याचा व्हायरस लागलेला लॅपटॉपही विश्वासातला ठरतो. पत्ता बदलत राहणारी यंत्रे या यादीत घालूच नयेत. त्यांना मेल सोपवण्यासाठीच्या ५८७ पोर्टवर पासवर्डनिशी येऊ द्यावे.

यादीत नसलेल्याने बाहेरचा पत्ता दिला, तर 'रिले ॲक्सेस डिनाइड' असे उत्तर मिळते. नियमांच्या शेवटी 'रिजेक्ट' (कायमचा नकार) असेल तर त्या उत्तराचा आकडा ५५४, 'डिफर' (तूर्तास नकार) असेल तर ४५४. दुसऱ्या प्रकारात पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

सर्वांत घातक चूक फाइलीत दिसतच नाही. सर्व्हर राउटरमागे असेल आणि राउटर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडणीवर स्वतःचाच आतला पत्ता लावत असेल, तर सर्व्हरला सारे जग राउटरच्या पत्त्यावरून येताना दिसते. तो पत्ता यादीत बसला की सर्व्हर सगळ्यांसाठी खुला झाला. म्हणून बदल केल्यावर बाहेरच्या यंत्रावरून एक मेल पाठवून पाहावी आणि लॉगमधली 'क्लायंट=' ही नोंद वाचावी: तिथे त्या यंत्राचा पत्ता दिसायला हवा, राउटरचा नव्हे.