शिटेवरचा पांढरा ठिपका

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी मुळ्याचा अख्खा वाफा जाळला, तोही काडी न ओढता. भातकापणी उरकली होती, घरामागची जमीन मोकळी होती आणि खुराड्याखाली महिनाभराची शीट साठली होती. शेणखत विकत आणायचं जिवावर आलं, म्हणून चार घमेली ताजी शीटच मातीत मिसळली, वर बी पेरलं आणि पाणी दिलं. पाचव्या दिवशी कोंब वर आले. आठव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून बघून एवढंच म्हणाल्या, "अरे, कोंबडीचं खत गरम असतं. आधी निवू द्यायचं."

हे 'गरम' आणि 'निवणं' मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पपई गरम, काकडी थंड, त्यातलाच प्रकार असेल असं वाटायचं. पण खताच्या बाबतीत हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे. कोंबडीखताचा ढीग खरोखरच तापतो, आणि त्या तापण्याचं मूळ शिटेच्या टोकावर दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यात आहे.

गाय शेण वेगळं टाकते आणि मूत्र वेगळं. गोठ्यातल्या जनावराच्या शरीरातला टाकाऊ नत्र, म्हणजे नायट्रोजन, मुख्यतः मूत्रातून, युरियाच्या रूपात जातो. आपण गोळा करतो ते शेण, आणि मूत्र बरंचसं जमिनीत मुरून जातं. कोंबडी वेगळं मूत्र टाकतच नाही. मूत्रपिंडातून येणारं आणि आतड्यातून येणारं एकाच वाटेने बाहेर पडतं. काळपट भाग म्हणजे न पचलेलं अन्न, आणि पांढरा भाग म्हणजे तिचं 'मूत्र'. ते घट्ट असतं, कारण त्यात युरियाऐवजी युरिक आम्ल असतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

पक्ष्यांना हा उद्योग कशासाठी? उत्तर अंड्यात आहे. टणक कवचाच्या आत पिल्लू तीन आठवडे वाढतं. तेवढ्या काळातला टाकाऊ नत्र बाहेर टाकायला त्याला वाट नसते. तो विरघळणारा असता तर पिल्लाभोवतीच साचत गेला असता. युरिक आम्लाचे मात्र बारीक स्फटिक होऊन एका कोपऱ्यात पडून राहतात, कुणाला त्रास देत नाहीत. शिवाय ते बाहेर टाकायला पाणी फार लागत नाही, आणि उडणाऱ्या जिवाला पाण्याचं ओझं परवडत नाही. आपली कोंबडी खुराड्याच्या छपरापलीकडे उडत नाही हा भाग वेगळा.

युरिक आम्लाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग नत्राचा असतो. दुकानातल्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के असतो. म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्याकडे युरियाचा गावठी भाऊ म्हणूनच बघायला हवं. कोंबडीच्या शिटेतला निम्म्याहून अधिक नत्र त्यातच असतो. पेरू देशाच्या किनाऱ्यावरचं 'ग्वानो' हेही समुद्रपक्ष्यांच्या शिटेचंच खत. तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून शेकडो वर्षांचे थर न धुपता साठून राहिले, आणि ते इतके मोलाचे ठरले की चिंचा नावाच्या बेटांसाठी १८६४ साली स्पेनने आरमार पाठवलं. कोकणात हाच ढीग जूनमध्ये उघड्यावर ठेवला तर गणपतीपर्यंत त्यातलं सत्त्व ओढ्याला लागलेलं असतं.

कोरड्या शिटेतलं युरिक आम्ल गपगुमान पडून असतं. ओल मिळाली की जिवाणू कामाला लागतात. ते आधी त्याचे तुकडे करत युरियापर्यंत येतात, मग युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, युरिया फोडतं आणि अमोनिया सुटतो. खुराडं झाडताना डोळ्यांत झोंबतो तो हाच. या विकराची गोष्ट मला आवडते. जेम्स समनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२६ साली त्याचे स्फटिक मिळवले. विकराचे असे शुद्ध स्फटिक तोवर कुणालाच मिळाले नव्हते. विकरं ही प्रथिनं असतात हे त्यातून दिसलं. अनेकांनी ते वर्षानुवर्षं मानलं नाही, पण १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. समनरने ते कशातून काढलं होतं? आपल्या परड्यातल्या अबईच्या सख्ख्या बहिणीसारख्या एका शेंगेच्या बियांमधून.

माझ्या वाफ्यात हेच घडलं होतं. ओली माती, नोव्हेंबरच्या दुपारचं ऊन आणि मुळांना खेटून चार घमेली शीट. अमोनिया वायुरूपात असताना कोवळ्या मुळांच्या पेशींमध्ये सहज शिरतो आणि त्यांचं काम बिघडवतो. त्यात शिटेतल्या क्षारांची भर पडते. भोवतालच्या ओलाव्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ओल्या मातीत उभं रोप तहानेने वाळतं. पानांच्या तपकिरी कडा ही त्याचीच खूण होती, आणि मी मूर्खासारखा पाणी कमी पडलं असेल असं समजत होतो.

सगळा अमोनिया वायू होऊन उडत मात्र नाही. मातीचा सामू, म्हणजे पीएच, आम्लधर्मी असेल तर बहुतेक अमोनिया अमोनियम होऊन मातीच्या कणांना चिकटून राहतो, आणि पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पिकं नत्र मुख्यतः त्या रूपात घेतात. सामू आठच्या वर चढला की पारडं वायूच्या बाजूला झुकू लागतं. कोकणातली जांभी माती आंबट, देशावरची काळी चुनखडीची माती त्याच्या उलट. म्हणून तेच खत काळ्या रानात वर पसरून ठेवलं तर जास्त नत्र हवेत जातो. तिथे ते लगेच मातीत मिसळून टाकणं अधिक गरजेचं.

इथे हिवाळ्याचा मुद्दा येतो. बागकामाची इंग्रजी पुस्तकं आणि यूट्यूबवरचे गोरे आजोबा सांगतात, की शरद ऋतूत ताजी शीट वाफ्यावर पसरा, वर बर्फ पडू द्या, वसंतात लागवड करा. त्यांचं बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात जमीन रिकामी असते आणि खताला निवायला चार-पाच महिने मिळतात. आपल्याकडे भाजीचा खरा हंगामच हिवाळा. मेथी, मुळा, लाल माठ, पालक, कोबी, वांगी, सगळं याच दिवसांत. निफाडसारख्या ठिकाणी पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली जातो खरा, पण माती गोठत नाही आणि जिवाणू झोपी जात नाहीत. त्या पुस्तकांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं की माझ्यासारखा मुळा जळतो.

मग आपला हिवाळा या खताच्या कोणत्या कामाचा? ढीग लावण्याच्या. नोव्हेंबरात पाऊस गेलेला असतो, त्यामुळे काही वाहून जात नाही. भाताचा पेंढा हाताशी असतो, आणि पुढे पानगळही सुरू होते. आता लावलेला ढीग जानेवारीअखेर काकडी, भेंडी, गवार, दुधी या उन्हाळी भाज्यांसाठी तयार होतो. चालू हिवाळ्याच्या वाफ्यांना मात्र आधीच कुजलेलं खतच हवं.

पेंढा आणि पाला कशाला लागतो, तर जिवाणूंच्या जेवणासाठी. त्यांना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब, म्हणजे कार्बन, लागतो. कोंबडीच्या शिटेत हे प्रमाण एकास दहाच्याही खाली असतं, सुक्या पाल्यात एकास पन्नासच्या आसपास. नुसत्या शिटेच्या ढिगात जिवाणूंना नत्र जास्त होतो आणि उरलेला अमोनिया होऊन उडतो. ढिगाला वास येतो म्हणजे आपलं खत हवेत चाललंय. मी कागदावर गणित मांडलं तेव्हा सोपं निघालं. ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणून चार किलो ताज्या शिटेला तीन किलो सुका पाला आणि वर लिटरभर पाणी पुरतं. दिसायला पाल्याचा डोंगर आणि शिटेची चिमूट दिसते, पण वजनात तेच बरोबर.

ढीग मात्र मोठा हवा. लांबी, रुंदी, उंची किमान मीटरभर. छोट्या ढिगाचा पृष्ठभाग पोटाच्या मानाने फार असतो, आणि आतली ऊब टिकत नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम शीट टाकते, म्हणजे माझ्या चार जणींची महिन्याची कमाई १२ किलो. एवढ्याने ढीग काही पेटत नाही. म्हणून मी जवळच्या पोल्ट्रीतून काही गोण्या आणल्या. तिथलं खत भाताच्या तुसात मिसळलेलं येतं. तूस कुजायला चिवट, पण माती भुसभुशीत ठेवतं. आणताना एक बघावं. शेडमध्ये कोंबड्या आजारी पडल्या असतील तर ते खत नको. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडली होती, आणि तो विषाणू विष्ठेतून पसरतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि दहा मिनिटांनी ओढायची. हातात धरवत नसेल तर काम नीट चाललंय. हीच ती काकींची आग. आत ५५ ते ६५ अंश तापमान असतं, आणि साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे पोट बिघडवणारे जिवाणू त्यात मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या ढिगासाठी १५ दिवस ५५ अंशांच्या वर आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ असं बंधन आहे, कारण ढिगाची साल थंड असते आणि ती आत गेल्याशिवाय तिथले जंतू मरत नाहीत. न कुजवलेलं खत घातलं तर मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी काढणीच्या १२० दिवस आधी घालावं, असंही तेच नियम सांगतात. मेथी तीस दिवसांत विळीखाली येते आणि मुळा दीड महिन्यात. त्यांच्या वाफ्यात ताज्या शिटेला जागाच नाही, आणि ही भाजी आपण कोशिंबिरीत कच्ची खातो.

आमच्याकडे खुराड्यात वास नको म्हणून चुलीची राख टाकायची पद्धत आहे. शीट कोरडी होते, माश्या कमी होतात, सगळं खरं. पण राख अल्कधर्मी. ओल्या शिटेवर पडली की सामू चढतो आणि अमोनिया हवेत उडून जातो. वास लवकर संपतो, कारण वास येणारी वस्तूच निघून गेलेली असते. मी आता राख वेगळ्या डब्यात ठेवतो, आणि तिचं काम पुढे आहेच.

किती घालायचं? शेतीच्या पुस्तकांत कोंबडीखतात ३.०३ टक्के नत्र, २.६३ टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि १.४ टक्के पालाश (पोटॅश) दिलेलं असतं. शेणखतात अनुक्रमे ०.५, ०.२ आणि ०.५. गुंठ्याला २०० किलो शेणखत घालणाऱ्याने तेवढ्याच नत्रासाठी ३३ किलो कोंबडीखत घातलं तरी भागतं. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला किलोभर झालं, पाला मिसळून कुजवलेलं असेल तर दीड-दोन किलो. माझी चार घमेली आठवून आता हसू येतं. पण याच हिशेबात एक तिढा आहे. नत्र सारखा केला की स्फुरद दुपटीहून अधिक पडतं आणि पालाश निम्म्याहूनही कमी. दरवर्षी नुसतं कोंबडीखतच घालत गेलं की मातीत स्फुरद साठत जातं. म्हणून मी एक वर्ष कोंबडीखत, एक वर्ष शेणखत असं करतो, आणि पालाशासाठी लागवडीच्या वेळी ती बाजूला ठेवलेली राख मूठ-मूठ. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे त्यांच्या खतात चुनाही बराच येतो. आमच्या आंबट तांबड्या मातीला तो मानवतो. काळ्या रानात आधीच चुना असतो, तिथे या भागाचा उपयोग नाही.

पालेभाज्या, कोबी, वांगी हे खत आवडीने खातात. टोमॅटोला जास्त झालं तर झुडूप माजतं आणि फळ रुसतं, शिवाय कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा येतो. वालाला मात्र मी चमचाभरही देत नाही. मुळांवरच्या गाठींत तो हवेतला नत्र स्वतः बांधतो, आणि मातीत आयता नायट्रेट सापडला की गाठी करायचाच आळस करतो. भातानंतरच्या ओलाव्यावर वाल बिनखताचा उत्तम येतो. रायगडात थंडीत त्याच शेंगांची, भांबुर्डीच्या पाल्याने भरलेल्या मडक्यात पोपटी लागते, आणि अंड्यांबरोबर कोंबडीही त्या मडक्यात जाते. खुराड्याकडे बघत या विषयावर आमच्या घरी फार बोलत नाहीत.

यंदाचा ढीग मी दिवाळीनंतरच्या रविवारी लावला. तीन आठवड्यांत पाच वेळा उलटला, मग पेंढ्याने झाकून सोडून दिला. जानेवारीच्या मध्यावर सळई थंडगार बाहेर आली. मूठभर खत ओलं करून पिशवीत बांधून ठेवलं, दोन दिवसांनी उघडून हुंगलं. अमोनिया नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. तरी भरवसा नव्हता, म्हणून करवंटीत निम्मं खत आणि निम्मी माती घालून मेथीचे वीस दाणे टाकले. चौथ्या दिवशी मोजले तर अठरा उगवले होते, पानांच्या कडा हिरव्यागार. काकींना करवंटी दाखवली. त्यांनी बोटाने खत चोळून बघितलं आणि विचारलं, "माझ्या काकडीच्या आळ्यांना दोन घमेली देशील का?"