वकीलपत्र घेतलेली बुद्धी

समजा, एका नव्या मलमाची चाचणी झाली. पुरळ उठलेल्या काही जणांनी ते दोन आठवडे लावलं, काहींनी लावलं नाही. लावणाऱ्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावणाऱ्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. आता सांगा, मलम कामाचं आहे की नाही?

चार आकड्यांत २२३ सगळ्यात ठळक, त्यामुळे बहुतेकांची नजर तिथेच अडकते आणि मलम पास होतं. माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं. पण लावणारे एकूण २९८ आणि न लावणारे १२८, हे लक्षात घेऊन टक्के काढा. मलम लावून बरे झालेले जवळपास ७५ टक्के, न लावता बरे झालेले ८४ टक्के. म्हणजे मलमाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

हे कोडं येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,१११ अमेरिकी प्रौढांसमोर ठेवलं होतं. २०१३ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक लोक चुकले, आणि आकडेमोडीत पक्के असणारे अर्थातच कमी चुकले. इथवर नवल काहीच नाही.

खरी गंमत तक्त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. आकडे तेच ठेवून फक्त मथळे बदलले. मलमाच्या जागी बंदुकीचा कायदा आला: काही शहरांनी अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला बंदी घातली, काहींनी घातली नाही, कुठे गुन्हे वाढले, कुठे घटले? अमेरिकेत या प्रश्नावर माणसाचा पक्ष जवळजवळ ओळखता येतो. आकड्यांचं उत्तर आपल्या बाजूचं निघत असेल तर गणितात तरबेज असलेले लोक ते बरोबर काढत होते. उत्तर विरुद्ध बाजूचं असलं की त्याच लोकांचं गणित बिघडत होतं. आणि गणित जितकं चांगलं, तितकी दोन पक्षांच्या उत्तरांमधली दरी मोठी.

हे घडतं कसं, ते जरा जवळून पाहू. तक्त्याकडे नुसतं पाहिल्यावर एक झटपट उत्तर मिळतं. ते मनासारखं असलं तर हुशार माणूसही तिथेच थांबतो, तपासायचं कारणच काय? पण ते खटकलं की तो म्हणतो, थांब, यात काहीतरी गडबड आहे. मग पेन्सिल निघते, बेरजा होतात, टक्के निघतात आणि चूक सापडते. गणित न येणाऱ्याला खटकलं तरी त्याच्या हाती हत्यारच नसतं. म्हणजे डोकं दोघांनाही आहे, पण ते कधी चालवायचं याचा निर्णय डोकं चालवण्याआधीच होऊन गेलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी हा फरक दोन प्रश्नांत पकडला आहे. आवडत्या गोष्टीबद्दल आपण स्वतःला विचारतो, ‘हे मानता येईल का?’ नावडत्या गोष्टीबद्दल विचारतो, ‘हे मानावंच लागेल का?’ पहिल्या प्रश्नाला एखादा दुवा पुरतो. दुसऱ्यातून सुटायला एखादी शंका पुरते. न्यायाधीश असल्याच्या थाटात बसलेल्या बुद्धीने कधीच एका बाजूचं वकीलपत्र घेतलेलं असतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०२१ साली दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. आपल्या बाजूकडे झुकणं त्यांनाही दिसलं, पण हुशारीबरोबर ते झुकणं वाढतं हा भाग दिसला नाही. तेव्हा ‘शहाणे लोक जास्त आंधळे’ असं ठणकावून सांगणं धाडसाचं ठरेल. पण सौम्य निष्कर्षही काही कमी अस्वस्थ करत नाही: शहाणपण यातून वाचवत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला याहून बोचरे वाटतात. त्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना गरीब कुटुंबांना सरकारी मदत देण्याच्या योजना वाचायला दिल्या. एक योजना सढळ हाताची, दुसरी अगदी हात आखडता घेतलेली. योजनेवर पक्षाचं नाव नव्हतं तेव्हा उदारमतवाद्यांना सढळ योजना आवडली आणि पुराणमतवाद्यांना कडक. मग योजनेला पक्षाचा पाठिंबा जोडला आणि सगळं उलटंपालटं झालं. डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा असेल तर उदारमतवादी विद्यार्थ्यांना कडक योजनाही पटली, रिपब्लिकन पक्षाचा असेल तर पुराणमतवाद्यांना सढळ योजनाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! तुम्ही कशाच्या आधारे ठरवलंत, असं विचारल्यावर मुलांनी योजनेतल्या तपशिलांकडे आणि स्वतःच्या तत्त्वांकडे बोट दाखवलं. पक्षाचा परिणाम? तो इतरांवर होत असेल, आमच्यावर नाही. ते खोटं बोलत नव्हते. योजना वाचताना त्यांना खरोखरच त्यातली ‘तत्त्वं’ दिसत होती, फक्त ती दिसावीत अशी सोय नावाने आधीच करून ठेवली होती.

गट पडायला तरी किती कारण लागतं? हे शोधायचा ध्यास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांना लागला, त्यामागे त्यांचं आयुष्य होतं. ते १९१९ साली पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले. शिकायला फ्रान्सला गेले, फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि १९४० साली जर्मनांच्या हाती लागले. आपण पोलंडचे आहोत हे त्यांनी लपवलं, फ्रेंच म्हणून युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले आणि वाचले. परतले तेव्हा घरचं जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. कागदावरच्या एका शिक्क्याने माणूस जगतो की मरतो हे त्यांनी पाहिलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवली. तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, तुला कँडिन्स्कीची, असं सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. कोण कोणाच्या गटात आहे हे मुलांना कळत नव्हतं, गटातल्यांशी बोलायचंही नव्हतं. पुढे पैशांत बदलून मिळणारे गुण दोन अनोळखी मुलांमध्ये वाटायचे होते, एक आपल्या गटातला, एक परक्या. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. पर्यायांच्या एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला १९ आणि परक्याला २५ होते, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि परक्याला १. साधा हिशोब म्हणतो १९ घ्या. मुलांचा ओढा मात्र, आपल्या गटातल्याला कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवं, या बाजूला होता. जी चित्रं काल नावानेही माहीत नव्हती, त्यांच्यावरून!

राजकीय पक्षाच्या मागे तर इतिहास असतो, घरदार असतं, मित्र असतात. मग तिथे काय होत असेल? शिवाय व्यवहाराचं गणितही त्याच बाजूला आहे. औषधाची मात्रा चुकीची मानली तर माझाच जीव जातो. पण हवामानबदलाबद्दल किंवा एखाद्या कायद्याबद्दल मी चुकीचं मानलं, तर माझ्या एका मताने जगात काहीच हलत नाही. उलट बरोबर मानून ते चारचौघांत बोललो तर माझ्या माणसांत मी वाळीत पडू शकतो. चुकीची किंमत सगळ्यांत वाटली जाते, खरेपणाची एकट्याला मोजावी लागते. कहान यांचाही युक्तिवाद असाच आहे, आणि तो खोडून काढणं अवघड आहे.

पण लोक खरंच तसं मानतात, की नुसता झेंडा फडकवतात? जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीला किती गर्दी होती यावरून वाद पेटला होता. ब्रायन शाफ्नर आणि सामंथा लक्स यांनी जवळपास १,४०० लोकांना दोन फोटो दाखवले, एक ओबामांच्या २००९ च्या शपथविधीचा, एक ट्रम्प यांच्या. नावं लिहिलेली नव्हती. त्यातल्या निम्म्यांना प्रश्न एवढाच: कोणत्या फोटोत माणसं जास्त आहेत? ट्रम्प यांच्या फोटोत मोकळी जागा ढळढळीत दिसत होती. तरी ट्रम्प यांना मत दिलेल्यांपैकी १५ टक्के लोकांनी तोच फोटो निवडला. क्लिंटन यांच्या मतदारांत हे प्रमाण २ टक्के होतं. ट्रम्प-मतदारांमध्ये जास्त शिकलेल्यांत चुकण्याचं प्रमाण अधिक होतं, कारण फोटो कशाचा आहे हे ओळखायला आधी बातम्या माहीत असाव्या लागतात. डोळे शाबूत होते. त्यांनी प्रश्न ऐकला तो ‘तू कोणाचा?’ असा.

अशा उत्तरांना पैशाची कसोटीही लावून झाली आहे. जॉन बुलक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना बेरोजगारीसारख्या वस्तुस्थितीबद्दल प्रश्न विचारले आणि बरोबर उत्तराला किरकोळ बक्षीस ठेवलं. दोन पक्षांच्या उत्तरांतलं अंतर निम्म्याहून अधिक मिटलं. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यालाही थोडे पैसे दिल्यावर ते आणखी आक्रसलं. माझ्या मते सगळ्या संशोधनात हा सगळ्यात सूचक तपशील आहे. इतक्या ठामपणे मांडलेल्या मतांखाली बऱ्याचदा नुसतं अज्ञान होतं, फक्त ते कबूल करण्यात कोणाचा फायदा नव्हता.

पैसे देऊन नुसती उत्तरंच नाही, सवयही बदलता येते, निदान काही काळ. सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी फॉक्स न्यूज ही रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली वाहिनी पाहणाऱ्या काही प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन ही त्यांना परकी वाटणारी वाहिनी पाहायला लावलं. खरंच पाहिलं का, हे तपासायला प्रश्नही विचारले. लोकांनी पाहिलं. करोनाच्या साथीबद्दल आणि इतर काही मुद्द्यांवर त्यांची माहिती आणि मतं हललीसुद्धा. आपली वाहिनी काही गोष्टी दाखवतच नाही, हेही काहींच्या लक्षात आलं. महिना संपला, पैसे थांबले. बहुतेक जण पुन्हा आपल्या जुन्या वाहिनीकडे वळले, आणि झालेले बरेचसे बदल हळूहळू विरून गेले.