पार्श्वभूमी : बी-रोल, टाइमकोड आणि प्रॉक्सी आले कुठून

बाइट (कॅमेऱ्यासमोरचं कुणाचं बोलणं) मधूनच कापला की ती जागा बी-रोलने, म्हणजे सोबतच्या इतर दृश्यांनी, झाकायची, हे बातमीचं एडिटिंग शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला सांगितलं जातं. त्यातला 'बी' कुठला, हे सहसा राहून जातं. तो खरोखरच दुसरा रोल होता.

टीव्हीच्या बातम्या १६ मिमी फिल्मवर चित्रित होत, तेव्हा आवाज फिल्मच्या कडेच्या चुंबकीय पट्टीवर नोंदवला जाई. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाजाचा हेड एकाच जागी बसवता येत नाहीत. खिडकीपाशी फिल्म थांबत-थांबत पुढे सरकते, हेडपाशी ती सलग वाहावी लागते. म्हणून आवाज त्याच्या चित्राच्या २८ फ्रेम पुढे असे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हे अंतर सव्वा सेकंदाच्या जरा आत भरतं. फिल्म कापून जोडली की चित्र तत्काळ बदले, पण आवाज तेवढा वेळ आधीच्या तुकड्याचाच चाले. पडद्यावर नव्या माणसाचे ओठ हलताहेत आणि ऐकू येतोय जुना. या दोषाचं नाव 'लिप फ्लॅप'. तो टाळायचा तर बोलणारा सव्वा सेकंद गप्प असेल अशीच जागा कापायला शोधावी लागे. ती नाही मिळाली, तर दुसऱ्या प्रोजेक्टरवर मूक दृश्यांचा रोल लावून जोड येण्याच्या क्षणी त्याच्यावर जात. बोलणाऱ्याचा तो ए-रोल, झाकणारा बी-रोल.

आज आपण मुद्दाम एल-कट देतो, म्हणजे चित्र बदललं तरी आधीचा आवाज थोडा चालू ठेवतो. त्या एडिटरांचा प्रत्येक जोड सक्तीचा एल-कट होता! आता ती सक्ती गेली, पण झाकण्याचं काम उरलं आणि त्यातली चूकही. बी-रोल नेमका कटवर सुरू केला आणि एका फ्रेमने उशीर झाला, तर खालच्या शॉटची ती फ्रेम लुकलुकते. मोठ्या पडद्यावर ती लगेच दिसते, छोट्या प्रिव्ह्यूमध्ये निसटते. म्हणून बी-रोल कटच्या आठ-दहा फ्रेम आधी सुरू करावा आणि तेवढाच पुढे न्यावा.

चित्र टेपवर आलं १९५६ मध्ये, ॲम्पेक्सच्या दोन इंची टेपच्या यंत्रामुळे. सुरुवातीला ही टेपसुद्धा पात्याने कापत. चुंबकीय रेघा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे लोहकणांचं द्रावण लावून त्या उमटवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन रेघांच्या मधोमध काप घ्यायचा. लवकरच कापणं सुटलं आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करत जाणं रूढ झालं. बातमीत हे पोचायला वेळ लागला. पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट १९७१ ची. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या केएमओएक्स-टीव्ही या वाहिनीने १९७४ मध्ये बातम्यांसाठी फिल्म पूर्ण सोडून दिली.

'रेकॉर्ड दाबा, पाच मोजा, मग बोला' ही शिस्त या यंत्रांची. टेपला वेग पकडायला वेळ लागे, म्हणून एडिट करताना दोन्ही यंत्रं साधारण पाच सेकंद मागे जाऊन धावत येत. या प्री-रोलच्या पट्ट्यात सिग्नल तुटलेला असला, की यंत्र एडिट करायला नकार देई. मेमरी कार्डला यातलं काहीच लागत नाही, तरी सवय मोडू नये. डिझॉल्व्हला (एक चित्र दुसऱ्यात विरघळवण्याला) आणि आवाजाच्या फेडला शॉटच्या दोन्ही टोकांना जादा फ्रेम लागतात आणि ऑटोफोकस स्थिरावायलाही क्षणभर जातो. बाइटच्या आधी-नंतर दोन-तीन सेकंद पुरतात. बी-रोलचा शॉट मात्र दहा सेकंद धरूनच ठेवावा, कारण वर येणारा व्हीओ (निवेदनाचा आवाज) किती लांबीचा असेल हे शूटच्या वेळी ठाऊक नसतं.

टाइमकोड आला १९६७ मध्ये. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता मिळाला आणि एडिट पुन्हा जसाच्या तसा करता येऊ लागला. एक पीळ त्याआधीच पडून गेला होता. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलला भिडू नये म्हणून ३० फ्रेमचा वेग २९.९७ केला गेला. ३० च्या हिशेबाने मोजणारं घड्याळ त्यामुळे तासाला ३.६ सेकंद मागे पडू लागलं. ड्रॉप-फ्रेम हा त्यावरचा इलाज. दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत, म्हणजे तासाला १०८ क्रमांक जातात. गळतात ते क्रमांक. फ्रेम एकही गळत नाही, पण फ्रेमच गळतात हा गैरसमज अजून चिवट आहे. २५ फ्रेमच्या देशांत ही भानगडच नाही.

मोबाइलने मात्र नवी भानगड आणली. बरेच फोन फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की फ्रेममधलं अंतर वाढवतात. चित्र-आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेल्या टाळीवर वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज अचूक जुळतो आणि वीस मिनिटांनी ओठ सुटलेले असतात. दोष रेकॉर्डरला दिला जातो. रेकॉर्डरचं घड्याळ चुकत असेल तर फरक एकसमान वाढतो आणि आवाज किंचित ताणून निभावतं. फोनचा फरक वेडावाकडा असतो, ताणून जुळत नाही. फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेमरेटपुढे 'व्हेरिएबल' दिसलं, तर एडिट सुरू करण्याआधीच हँडब्रेक या फाइल रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट' निवडून बदलून घ्यावी. अर्धा एडिट झाल्यावर फाइल बदलली, तर लावलेले कट सरकतात.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती केलेली हलकी नक्कल, हीही वाटते तितकी नवी नाही. सीबीएस ही अमेरिकी टीव्ही कंपनी आणि टेप बनवणारी मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं सीएमएक्स ६०० हे यंत्र १९७१ चं. ते हलक्या दर्जाचं कृष्णधवल चित्र डिस्कवर ठेवी, एडिटर त्यावर निवड करी आणि निघालेल्या यादीप्रमाणे मूळ टेपवरून अंतिम प्रत बने. १९८९ ची ॲव्हिड/१ ही संगणकावरची एडिटिंग यंत्रणासुद्धा आधी याच कच्च्या एडिटसाठी वापरली गेली, कारण तिचं चित्र प्रक्षेपणाच्या लायकीचं नव्हतं. आज अडचण उलटी आहे. चित्र उत्तम, पण एचईव्हीसी या व्हिडिओ आक्रसून साठवण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून उभ्या कराव्या लागतात, त्यामुळे टाइमलाइन अडखळते. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या एडिटला हलक्या फॉरमॅटमध्ये, निम्म्या किंवा पाव रिझोल्यूशनवर नक्कल केली की भार उतरतो. नकलेत आवाजाचे चॅनेल मूळ फाइलइतकेच ठेवावेत, नाहीतर जोडणी नाकारली जाते.

सीएमएक्सच्या काळातल्या एडिटच्या त्या यादीत प्रत्येक टेपला वेगळा रील क्रमांक लागे. दोन टेपना एकच क्रमांक पडला, तर भलताच शॉट बसे. कार्ड फॉरमॅट केल्यावर काही कॅमेरे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, तेव्हा तीच चूक घडते. एकाच नावाच्या दोन फाइल असतात आणि रीलिंक करताना (टाइमलाइनला मूळ फाइल पुन्हा जोडताना) कालची उचलली जाते. फाइलचं नाव बदलू नये, तिच्या सोबतच्या माहितीच्या फाइलशी नातं तुटतं. कार्डागणिक तारीख आणि क्रमांक घातलेलं वेगळं फोल्डर करावं आणि कार्डावरची पूर्ण रचना त्यात जशीच्या तशी उतरवावी.