दृष्टिहीनांसाठी बस-ओळख तंत्रज्ञान

थांब्यावर आलेली बस कोणत्या मार्गाची आहे आणि तिचे दार कुठे आहे, हे प्रवाशाला न पाहता कळावे यासाठी वापरली जाणारी साधने. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ‘ऑनबोर्ड’ आणि झेक प्रजासत्ताकातील प्राग शहराची रेडिओ प्रणाली ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

रेल्वेपेक्षा बस पकडणे दृष्टिहीन माणसाला अवघड जाते. लोकल रुळावरून येते, फलाटाला लागते, तिचे डबे साधारण ठरलेल्या जागी येतात. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर दिव्यांगांचा डबा येतो त्या जागी बीप वाजणारे यंत्र बसवण्याची सोपी युक्ती त्यामुळेच चालली. बसचे तसे नसते. एकाच थांब्यावर अनेक मार्गांच्या गाड्या येतात, दोन-तीन एकामागोमाग लागतात, आणि शेवटची खांबापासून बरीच मागे क्षणभर थांबून निघूनही जाते. ‘काका, ही कितवी?’ असे शेजाऱ्याला विचारणे हा आजही सर्वांत जास्त चालणारा उपाय. पण शेजाऱ्याची बस आधी आली किंवा रात्री थांबा रिकामा असला, की तोही खुंटतो. भरीला विजेवरच्या बस आल्या. डिझेल इंजिनाच्या घरघरीवरून गाडी कुठे उभी आहे याचा अंदाज यायचा, तो त्यांच्या बाबतीत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३८ नुसार अशा वाहनांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करायचा असतो, मात्र उभ्या गाडीवर ते बंधन नाही. प्रवाशाला दार शोधायचे असते ते नेमके तेव्हाच.

उपग्रहाधारित दिशादर्शनाने यातला अर्धा प्रश्न सोडवला. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि पुढे मोबाइलवरचे बोलते नकाशे शक्य झाले. तरी मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलची अचूकता सुमारे ५ मीटर असते. उंच इमारतींच्या मध्ये ती आणखी ढासळते. पाच मीटरच्या फरकाने माणूस पदपथावरून रस्त्यावर येतो. शिवाय बस दोन मिनिटांत येणार हे ॲपने सांगितले, तरी समोर उभ्या असलेल्या तीन गाड्यांपैकी ती कोणती, हे त्याला सांगता येत नाही.

‘ऑनबोर्ड’ याच उरलेल्या अंतरासाठी आहे. आयआयटीच्या ‘असिस्टेक’ प्रयोगशाळेने ती विकसित केली. पांढऱ्या काठीला बसवून गुडघ्याच्या वरचे अडथळे श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींनी ओळखणारी ‘स्मार्टकेन’ (२०१४) हीदेखील तिथलीच. प्रवाशाच्या हातात एक छोटे यंत्र असते, दुसरे बसमध्ये. बस आल्याची चाहूल लागली की प्रवासी बटण दाबतो. जवळपासच्या गाड्या रेडिओ संकेताने आपापला मार्ग क्रमांक कळवतात आणि हातातले यंत्र ते एकेक करून बोलते. हवा तो क्रमांक आला की दुसरे बटण दाबायचे. मग त्याच बसच्या दाराजवळचा ध्वनिक्षेपक वाजतो आणि त्या आवाजाच्या रोखाने चालत जायचे. इंटरनेट लागत नाही, ही भारतीय रस्त्यांवर मोठीच सोय. दिल्लीत आणि मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर तिच्या चाचण्या झाल्या. मोजक्या गाड्यांवर चाचणी घेणे तुलनेने सोपे असते. आगारातली गाडी आज एका मार्गावर तर उद्या दुसऱ्या मार्गावर धावते, आणि पाटीबरोबर यंत्रातला क्रमांकही बदलायला हवा. तो राहून गेला, तर यंत्र ठामपणे चुकीच्या गाडीत चढवील. त्यापेक्षा ते मुके असलेले बरे.

प्रागमधील व्यवस्था अधिक मुरलेली आहे. तिथे प्रवाशाकडे सहा बटणांचे प्रक्षेपक असते, काही वेळा थेट पांढऱ्या काठीच्या मुठीत बसवलेले. एक बटण दाबल्यावर ट्राम किंवा बस स्वतःच बाहेरच्या ध्वनिक्षेपकावरून आपला क्रमांक आणि दिशा सांगते. दुसऱ्याने चालकाला सूचना जाते, की दृष्टिहीन प्रवासी चढू पाहतो आहे. प्रणालीचे खरे बळ या दुसऱ्या बटणात आहे, कारण गाडी ओळखता आली तरी ती थांबून राहणे चालकाच्याच हातात असते. तेच प्रक्षेपक मेट्रो स्थानकांच्या प्रवेशद्वारांवरचे ध्वनिदर्शकही सुरू करते, त्यामुळे प्रवाशाला वेगवेगळी साधने बाळगावी लागत नाहीत.

खास यंत्राऐवजी मोबाइलवर विसंबणाऱ्या पद्धतीही आहेत. लंडनच्या पिमलिको भुयारी स्थानकात २०१५ साली ‘वेफाइंडर’ या उपक्रमात ब्लूटूथ दर्शकांची, म्हणजे मोबाइलला जागा कळवणाऱ्या छोट्या संकेतयंत्रांची चाचणी झाली. त्या उपक्रमातील अनुभवावरून बोलक्या सूचनांचे आंतरराष्ट्रीय मानक (आयटीयू-टी एफ.९२१) २०१७ मध्ये आले. स्पेनमध्ये आलिकान्ते विद्यापीठाच्या सहभागाने तयार झालेले ‘नावीलेन्स’ रंगीत चौकोनांचे कोड वापरते. साध्या क्यूआर कोडच्या तुलनेत ते बऱ्याच लांबून, चालता चालता आणि नेम न धरता वाचता येतात. बार्सिलोनातील बसथांब्यांवर ते लावलेले असून मोबाइलचा कॅमेरा फिरवला की खांब कोणत्या बाजूला व किती अंतरावर आहे आणि पुढची बस केव्हा येईल, हे ऐकू येते.