ग्लूटेनमुक्त आहार

गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पूर्णपणे वर्ज्य असलेला आहार. सीलिएक विकारात या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या आतील अस्तराची हानी होऊन अन्नशोषण घटते. त्यावर हे पथ्य आजन्म पाळावे लागते.

विकाराचे वर्णन इंग्लंडमध्ये सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. रोगी बरा झालाच तर आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. पण कोणत्या, हे उमगले नव्हते. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचविला. त्यात पाव व तृणधान्ये वगळलेली होती आणि मुले सुधारत. श्रेय मात्र केळ्यांना गेले.

गव्हाचा संबंध ओळखला तो हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके (१९०५–६२) यांनी. ही कल्पना त्यांना कशी सुचली, याविषयी दोन मते आढळतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील डच दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तेव्हा आजारी मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा खालावली, हे मत अधिक प्रचलित आहे. दुसऱ्या मतानुसार, साधारण १९३० नंतरच्या दशकात एका तरुण आईने, पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचे पुरळ झपाट्याने ओसरते, असे त्यांना सांगितले. गहू वगळलेल्या आहारावरील डिके यांचा लेख १९४१ चा, म्हणजे दुष्काळापूर्वीचा असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. दुष्काळाने फार तर पुष्टी दिली असावी. डिके यांचा प्रबंध १९५० चा आहे.

पुढे व्हायर्स आणि व्हान डी कामर या सहकाऱ्यांच्या साहाय्याने मुलांच्या मलातील न शोषलेली चरबी मोजून दोषी घटक शोधण्यात आला. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिल्यास पांढरा स्टार्च वाहून जातो व हातात चिवट, रबरासारखा लगदा उरतो, तेच ग्लूटेन. स्टार्च निरुपद्रवी ठरला, लगद्याने मुले बिघडली.

रुग्णाने स्वतः केलेले निरीक्षण येथे निदानास अडथळाही ठरू शकते. त्रास ओळखून आधीच गहू सोडल्यास निदानासाठी तपासली जाणारी रक्तातील प्रतिपिंडे घटतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी निर्दोष येऊ शकते.

ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ या पथ्यात चालतात. बांधणीच्या (इतर पदार्थ मिसळून केलेल्या) हिंगात मात्र बहुधा गव्हाचे पीठ असते.